रिकाम्या सापळ्याचे मोल

कपाशीच्या शेतात काठीला टांगलेला कामगंध सापळा आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. मादीच्या गंधाची नक्कल असलेले ‘ल्यूर’ त्यात बसवायचे, त्याला भुलून आलेले बोंडअळीचे नर पतंग मोजायचे आणि मगच फवारणीचे ठरवायचे. अमेरिका याच युक्तीने आपली अरण्ये राखते. पण हे शहाणपण तिला फार महागात पडले आहे.

एत्येन त्रुव्हलो या फ्रेंच चित्रकाराला रेशीमकिड्यांचा भारी नाद. बॉस्टनजवळच्या मेडफर्ड गावी तो राहत असे. १८६०च्या दशकाच्या अखेरीस त्याने युरोपातून आणलेले काही किडे घरातून निसटले. आज त्यांना ‘स्पंजी मॉथ’ म्हणतात. वीस वर्षे कुणी फारसे लक्ष दिले नाही. १८८९ साली मात्र गावातली झाडे बोडकी झाली, भिंतींवर आणि रस्त्यांवर अळ्यांचा खच पडला. १८९०पासून राज्य सरकारने दहा वर्षे मोहीम चालवली. कीड दिसेनाशी होताच १९०० साली पैसा बंद केला. पाच वर्षांच्या आत ती पुन्हा उसळली!

पुढे १९५७ साली विमानांतून लाखो एकरांवर डीडीटी फवारली गेली. लाँग आयलंडवर तर घरे, बागा, कुरणे, काहीच सुटले नाही. रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२च्या पुस्तकात त्याचा पंचनामा केला. शत्रू नेमका कुठे आहे हे ठाऊक नसले, की सगळ्यांवरच तोफ डागली जाते.

या किडीच्या युरोपीय जातीतल्या मादीला पंख असूनही उडता येत नाही. ती जागेवरूनच गंध सोडून नराला बोलावते. त्या गंधाची रासायनिक ओळख १९७० साली पटली आणि चित्र पालटले. आता दर उन्हाळ्यात झाडांना ठरावीक अंतरावर कागदी सापळे टांगतात, आत चिकट लेप आणि गंध. किती नर अडकले ते नकाशावर मांडतात. जिथे आकडा वाढतो, तिथे पुढच्या वर्षी सापळे दाट लावून मूळ ठिकाण हुडकतात आणि उपाय तेवढ्यापुरताच करतात. पुष्कळदा तोच गंध रानभर पसरतात. नर गोंधळतो, त्याला मादी सापडत नाही, आणि इतर जिवांना धक्का लागत नाही. या पद्धतीने किडीचा पसरण्याचा वेग निम्म्याहून कमी झाला आहे.

तरी दरवर्षी कितीतरी सापळे रिकामेच निघतात. मग हा खर्च कशाला, असा प्रश्न हिशेबी माणसाला पडतो. पण रिकामा सापळा वाया गेलेला नसतो. ‘इथे अजून कीड नाही’, ही मोलाची बातमी तोच देतो. चोर सापडला नाही म्हणून गस्तवाल्याला घरी बसवणे ही १९०० सालची चूक होती. आपत्तीनंतर हात सैल सोडणारे सरकार आपत्तीपूर्वीच्या पहाऱ्यासाठी मात्र मूठ आवळते. झाडे बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने कुणीतरी मोजत राहिलेच पाहिजे.