टम्म फुगलेली पुरी आणि रोटोरुआचं तळं

ऑक्टोबरच्या शेवटी लेबर डेची सुट्टी जवळ आली, की ऑकलंडच्या मराठी घरांत एकच चर्चा असते. भारतातून आई-बाबा आलेले आहेत, मुलांना जोडून सुट्टी आहे, चकल्या-चिवडा डब्यांत भरून तयार आहे; जायचं कुठं? गेल्या वर्षी या सदरात आपण फावडी घेऊन कोरोमंडलच्या गरम पाण्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. या वर्षी जाऊ या रोटोरुआ आणि तौपोला.

"रोटोरुआ आमचं दोनदा झालंय," असं निम्मी मंडळी म्हणतील. हा लेख त्यांच्यासाठीच जास्त आहे. कारण "झालंय" म्हणजे बहुधा गोंडोला, ल्यूज, एक कारंजं आणि शंभर फोटो. परत आल्यावर मुलांना विचारलं तर आठवतो तो फक्त वास! ज्या जमिनीवर आपण घर केलं, ती आतून कशी आहे आणि तिच्यावर आपल्या आधीपासून कोण राहतंय, हे मुलांना कळायला या देशात याहून चांगली जागा नाही. ते कळावं म्हणून सहलीची थोडी वेगळी आखणी सुचवते.

आधी स्वयंपाकघरात

निघायच्या आदल्या दिवशी पुऱ्या करा. प्रवासाला लागतातच. मुलांच्या डोक्यात ज्वालामुखी म्हणजे टोकदार डोंगर आणि वरून वाहणारा लाल रस. इथला ज्वालामुखी तसा नाही, इथं तळं हाच ज्वालामुखी आहे. एक टम्म फुगलेली पुरी त्यांच्यापुढे ठेवा आणि बोटानं टोचायला सांगा. वाफ निघून जाते, वरचा पापुद्रा खाली बसतो, मध्ये खळगा होतो. साधारण 2 लाख 40 हजार वर्षांपूर्वी रोटोरुआत असंच झालं. प्रचंड उद्रेकात खालचा तप्त रस बाहेर पडला, वरची जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साचलं. तौपोचं तळंही तसंच. तिथला महाउद्रेक साडेपंचवीस हजार वर्षांपूर्वीचा आणि शेवटचा मोठा उद्रेक जेमतेम अठराशे वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचा काळ होता तेव्हाचा.

आजोबा इथं लोणारची आठवण काढतीलच. काढू द्या, तुलना फार उपयोगाची आहे. लोणारचं विवर ज्वालामुखीचं नाही. ते उल्का आदळून झालं. पण ती आदळली तो काळा दगड मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एक गोल तळं वरून आलेल्या धक्क्यानं झालं आणि दुसरं खालून बाहेर पडलेल्या तप्त रसानं, एवढं कळलं तरी मुलांचा भूगोल पुष्कळ पुढे जातो.

पहिला दिवस: फुकटातलं रोटोरुआ

ऑकलंडहून रोटोरुआ सुमारे 230 किलोमीटर, तीन तासांची वाट. पोहोचल्याबरोबर तिकिटांच्या रांगेत उभं राहू नका. गावातच कुइराऊ पार्क आहे, तिथं प्रवेशाला पैसे पडत नाहीत. बागेत फिरता फिरता कठड्यापलीकडे वाफाळणारी डबकी दिसतात आणि करडा चिखल पिठल्यासारखा रटरटत असतो. पाय सोडून बसायला कोमट पाण्याचे हौदही आहेत. प्रवासानं आंबलेल्या आजीच्या पायांना याहून चांगलं काही नाही.

हा सडक्या अंड्यांसारखा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. वज्रेश्वरीला किंवा कोकणातल्या उन्हवऱ्याला गेलेल्यांना गंधकाचा वास नवा नाही. मुलं पहिला तासभर नाक धरतात, मग विसरतात. चांदी मात्र विसरत नाही! या हवेत आणि पाण्यात जोडवी, पैंजण काळी पडतात, म्हणून ती काढून ठेवलेली बरी.

आता नियम. याच बागेत 2001 साली अचानक उद्रेक होऊन चिखल आणि दगड उडाले होते. दोरी किंवा कठडा लावलेला असतो तो शोभेसाठी नसतो. पलीकडची जमीन वरून टणक दिसते, पण पापडासारखी पातळ असू शकते आणि खाली उकळतं पाणी असतं. शाळेत होते तेव्हापासूनचा माझा अनुभव आहे की "तिकडे जाऊ नको" या वाक्याला मुलं दाद देत नाहीत. कारण सांगितलं की ऐकतात. पापड हातात देऊन दाखवा. चालायला लागलेलं लेकरू असेल तर त्याचा हात सोडायचाच नाही.

दुसरा नियम डुंबण्याचा. नैसर्गिक गरम पाण्यात डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. अशा पाण्यातला एक प्रकारचा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो. असं क्वचित होतं, पण तसे फलक जागोजागी लावलेले असतात आणि आपण ते वाचत नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी गरम पाण्यात फार वेळ बसू नये, गरोदर बायकांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये. बंद खोलीतल्या खासगी टबात हा वायू साठू शकतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

संध्याकाळी रेडवुडच्या जंगलात चला. ही झाडं 1901 साली लावलेली, मूळची कॅलिफोर्नियाची. म्हणजे तीही आपल्यासारखी बाहेरूनच आली आणि इथं चांगली रुजली. खालच्या पायवाटेला पैसे नाहीत, छोटा फेरा आजी-आजोबांनाही जमतो.

दुसरा दिवस: 1886 ची रात्र

सकाळी गावाबाहेर निघा. वाटेत एका उंचवट्यावरून दोन तळी शेजारी शेजारी दिसतात, एक निळं आणि एक हिरवं. निळं ते तिकितापू. त्यात पोहता येतं, पण ऑक्टोबरात पाणी चांगलंच गार असतं. हिरवं ते रोतोकाकाही. ते तिथल्या माओरी लोकांच्या मालकीचं आणि 'तापू' आहे. तिथं पोहायचं नाही, होडी घालायची नाही. 'तापू' म्हणजे काय हे मराठी मुलांना समजावणं सोपं आहे. आपल्याकडे देवराईतली काडीही कोणी उचलत नाही, तसंच हे.

पुढे ते वायरोआ. आज त्याला 'गाडलं गेलेलं गाव' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इथून होडीनं पलीकडे जाऊन लोक गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या पाहायला जात. गरम झऱ्यांतल्या सिलिकाचे थर साचून झालेल्या त्या पायऱ्या जगप्रसिद्ध होत्या. वाटाड्यांचं काम तुहौरांगी लोकांकडे होतं आणि त्यांत सोफिया हिनेरांगी सर्वांत नावाजलेली. 31 मे 1886 रोजी तिच्या होडीतल्या प्रवाशांनी तळ्यात एक युद्धनौका पाहिली, जशी तिथं कोणाकडेच नव्हती. लोकांनी तो अपशकुन मानला. अकराव्या दिवशी, 10 जूनच्या मध्यरात्रीनंतर, तारावेरा डोंगर फुटला. सुमारे 17 किलोमीटर लांबीची भेग पडली, पायऱ्या नाहीशा झाल्या, गावं राख-चिखलाखाली गेली. सुमारे 120 माणसं दगावली. सोफियाच्या घराचं छप्पर उतरतं आणि भक्कम होतं. त्या एका घरात साठाहून जास्त लोक वाचले.

मुलांना भुताची होडी आवडते. तिथं थांबू नका, त्यानंतरचं सांगा. घरदार, शेती, उत्पन्न सगळं एका रात्रीत गेलेल्या तुहौरांगींना फाकारेवारेवातल्या नातलगांनी आपल्या जमिनीवर जागा दिली. (इंग्रजी 'डब्ल्यूएच'चा उच्चार इथं 'फ'च्या जवळ जातो. मुलांना शाळेमुळे तो आपल्यापेक्षा नीट येतो, त्यांनाच विचारा.) सोफियाही तिथं येऊन पुन्हा वाटाडी झाली.

म्हणून दुपारी फाकारेवारेवा गावात जायचं. ही प्रदर्शनाची वस्ती नाही, आजही इथं कुटुंबं राहतात. त्यांच्यातलाच एखादा वाटाड्या आपल्याला फिरवतो. जमिनीतल्या वाफेवर स्वयंपाक होतो, गरम पाण्याचे सामाईक हौद आंघोळीला आहेत. उकळत्या कुंडात शिजलेलं मक्याचं कणीस जरूर खा. वाफेवरच्या हांगीत मांस असतं. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं. त्यातला 'कुमारा' म्हणजे आपलं रताळंच. आणि एक विनंती: लोकांच्या अंगणात, खिडक्यांत, आंघोळीच्या हौदांकडे कॅमेरे रोखू नका. आपल्या वाड्यात कोणी परका येऊन न्हाणीघराचे फोटो काढू लागला तर आजी काय म्हणेल, एवढं आठवलं की पुरे.

शेजारीच ते पुइया आहे. त्याचं तिकीट वेगळं असतं, गोंधळ करू नका. पोहुतू हे मोठं कारंजं दिवसातून अनेकदा उडतं, कधी कधी 30 मीटरपर्यंत. तिथं लाकूडकोरीव काम आणि विणकाम शिकवणारी संस्थाही आहे, आणि अंधाऱ्या दालनात किवी पक्षी दिसतो. आजीकडच्या न्हाणीघरातला 'गीझर' आणि हे कारंजं यांचं नाव एकच. ते आइसलंडमधल्या एका कारंज्यावरून जगभर गेलं. मुलांना याची फार गंमत वाटते.

पोहुतूची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गावातल्या घरांनी आणि हॉटेलांनी शेकडो विंधनविहिरी घेऊन गरम पाणी इतकं उपसलं, की कारंजी मंदावू लागली. 1986-87 च्या सुमारास सरकारनं पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या विहिरी बंद करायला लावल्या. त्यावर वाद झाले, लोक चिडले, पण कारंजी सावरली. दुष्काळी गावात एकेका बोअरनं शेजारची विहीर कशी आटते हे पाहिलेले आजोबा ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली समजावतील.

तिसरा दिवस: साबण, धबधबा आणि वजरी

तौपोच्या वाटेवर तीसेक किलोमीटरवर वायोतापू आहे. 'वाय' म्हणजे पाणी, 'रोतो' म्हणजे तळं, 'रुआ' म्हणजे दोन किंवा दुसरं. एवढे शब्द दिले की गाडीत मुलं पाट्यांवरची नावं स्वतःच फोडत बसतात. वायोतापू, म्हणजे पवित्र पाणी. तिथलं लेडी नॉक्स कारंजं रोज सकाळी सव्वादहाला उडवतात, साबण टाकून! पूर्वी इथं कैद्यांची छावणी होती. कपडे धुताना पाण्यात साबण गेला आणि कारंजं उसळलं, तेव्हा ही युक्ती सापडली. साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. जवळच शॅम्पेन पूल आहे. त्यातून सोड्यासारखे बुडबुडे येतात, आणि त्याची नारिंगी कड आर्सेनिक आणि अँटिमनीच्या संयुगांची आहे.

पुढे हुका धबधबा. शंभरेक मीटर रुंद वायकातो नदी इथं पंधरा मीटरच्या घळीत शिरते आणि सेकंदाला दोन लाखांहून जास्त लिटर पाणी खाली झेपावतं. पाहायला तिकीट नाही, पुलापर्यंत आजी-आजोबा सहज जातात.

शेवटी तौपोचा किनारा. 616 चौरस किलोमीटरचं हे देशातलं सर्वांत मोठं तळं. मुलांना इथं एकच काम द्या: पाण्यावर तरंगणारा दगड शोधायचा. तो प्युमिस. म्हणजे टाच घासायची आपली वजरीच. उद्रेकात रस थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, म्हणून त्याला जाळी पडली, चांगल्या जमलेल्या अनारशाला पडते तशी. आजी रामसेतूची गोष्ट सांगेल. सांगू द्या. एका दगडाच्या दोन गोष्टी मुलांच्या डोक्यात सहज मावतात.

परतीच्या वाटेवर

इथल्या शाळांत मुलांना 'पेपेहा' लिहायला सांगतात. माओरी माणूस स्वतःची ओळख नावापासून सुरू करत नाही. माझा डोंगर हा, माझी नदी ही, माझी माणसं ही, आणि मग मी. आपली मुलं अडखळतात आणि ऑकलंडचीच एखादी टेकडी लिहून मोकळी होतात. परतताना गाडीतले तीन तास आजी-आजोबांना द्या. त्यांच्या गावाचा डोंगर कोणता, नदी कोणती, हे मुलांनी विचारायचं आणि लिहून घ्यायचं. माओरीत जमिनीला आणि बाळाच्या वारेला एकच शब्द आहे, 'फेनुआ'. वार जमिनीत पुरायची त्यांच्यात रीत आहे. "तुझी नाळ कुठं पुरली?" हा प्रश्न आपल्याला काही परका नाही. ज्यांनी घर गमावलेल्या नातलगांना जागा दिली, त्या लोकांच्या देशात आपण राहतो. त्यांना आपली ओळख नीट सांगता यावी, एवढं तरी मुलांना यायला हवं.

निघण्यापूर्वी वेळा आणि तिकिटांचे दर पाहून घ्या. लांब सुट्टीत राहायच्या जागा लवकर भरतात. रात्री थंडी असते, आई-बाबांचे स्वेटर आणि कानटोपी विसरू नका. जुना टॉवेल आणि जुनेच पोहण्याचे कपडे न्या, गंधकाचा वास धुतल्यावरही दोन दिवस टिकतो. आणि पुऱ्या थोड्या जास्तच करा. अर्ध्या टोचण्यातच जातील.