महिला सभेच्या प्रोसिडिंगवर आमच्या सह्या कशा आल्या?

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद

साहेब,

आमचे अर्ज आपल्या आवक नोंदवहीत आहेत, तेव्हा विषय पुन्हा सांगत नाही. आपण ते ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ पंचायत समितीकडे पाठवलेत, तिनं ग्रामपंचायतीकडे, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांनीच ‘तथ्य आढळले नाही’ असा अहवाल दिला. कार्यवाही खरोखर योग्यच झाली.

प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हे ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 7 मध्ये आहे. वर्षाला किमान 4 ग्रामसभा, म्हणजे किमान 4 महिला सभा. आमच्याकडे चारही होतात, कागदावर. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधीचीच घ्या: 30 सप्टेंबर, सकाळी 11 वाजता, हजर महिला 104, ठराव 6, सगळे सर्वानुमते. सूचक, अनुमोदक, सगळं सुवाच्य अक्षरात. अडचण एवढीच, की या 104 पैकी 71 जणी त्या वेळी 60 किलोमीटरवर जिल्ह्याच्या मेळाव्यात बसल्या होत्या. आपल्याच आदेशानं. गावात 2 गाड्या आल्या, गाडीत चढताना एकदा आणि मंडपाच्या दारात एकदा हजेरी झाली. ती यादी आपल्या दप्तरी आहे. म्हणजे एकच बाई 11 वाजता मंडपात टाळ्या वाजवत होती आणि गावात ठरावाला अनुमोदनही देत होती. महिला सक्षमीकरण इथवर पोचल्याची आम्हाला कल्पना नव्हती.

सह्या मिळवणं अवघड नाही. ‘गटाच्या कर्जाचा कागद आहे’ म्हणत शिपाई घरोघर रजिस्टर फिरवतो. पण बचत गटानं आम्हाला नुसती सही नाही, पंचसूत्री शिकवली: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. 10 रुपयांचा मेळ लागेना तर आम्ही बैठक उठू देत नाही. आम्हाला खोटं प्रोसिडिंग ओळखू येणार नाही, असं कुणाला वाटलं?

त्या 6 ठरावांतला एक महिला-बालकल्याणाच्या 10 टक्के निधीचा. ‘महिलांच्या मागणीनुसार’ सतरंज्या आणि लाऊडस्पीकर घेतले. आमची लेखी मागणी होती शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणण्याची.

दारूचं दुकान बंद करायचं तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीच्या चिन्हाला मत द्यावं लागतं, नुसतं मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. तिथं बाईचं एकेक मत मोजून घेणारं शासन इथं तिची सही शिपायाच्या भरवशावर सोडतं.

2011 पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा आमच्या आहेत म्हणे. सरपंचबाई आमच्याच गटातल्या. शिक्का त्यांच्या मालकांच्या खिशात. त्यांना काय बोलणार? ग्रामसेवक तरी आपल्या अखत्यारीत येतात ना?

प्रोसिडिंग आणि मेळाव्याची यादी शेजारी ठेवून नावं आणि वेळ ताडून बघा. चौकशी परत पंचायत समितीकडे ढकलू नका. पुढची महिला सभा दवंडी देऊन, आपला अधिकारी समोर बसवून घ्या. तोवर ‘किती बायका येतील?’ असे निरोप व्हॉट्सअॅपवर टाकू नका. मेळाव्याची एकही गाडी भरायची नाही, असा आमच्या बचत गटांच्या ग्रामसंघाचा ठराव झाला आहे. तो बैठक घेऊन केला आहे. रजिस्टर तपासायला कधीही या.

ग्रामसंघाची सचिव