दोनच गोल?

मंडळी, लिलियन थुरामचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "फ्रान्सकडून १४२ सामने आणि गोल फक्त दोन!" आमची भाचेमंडळीही हेच ऐकवतात. बचावपटूला गोल विचारणं म्हणजे शेताच्या राखणदाराला 'तू पेरलंस किती?' असं विचारणं.

ते दोन्ही गोल एकाच सामन्यातले. ८ जुलै १९९८, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर क्रोएशिया. मध्यंतर संपताच शुकरने गोल केला. थुराम मागे रेंगाळला नसता तर शुकर ऑफसाइड ठरला असता. मग मिनिटभरात थुरामनेच बरोबरी साधली, पुढे दुसराही मारला आणि फ्रान्स २-१ ने जिंकलं. ओठांवर बोट ठेवून तो मैदानात बसला, तो फोटो जगाने जपून ठेवलाय. पण त्या स्पर्धेत सात सामन्यांत मिळून फ्रान्सवर दोनच गोल झाले, याचा फोटो कसा काढणार? न झालेल्या गोलाचा फोटो निघत नाही हो!

पुरस्कारांचंही तेच. बॅलन डी'ऑर १९५६ पासून दिला जातो. बचावपटू त्यात तीनच : बेकेनबाउर (दोनदा), सामर आणि २००६ साली कन्नावारो. त्यातही पहिले दोघे पुढे धावून खेळ रचणारे. निव्वळ अडवणारा असा कन्नावारोच, पार्मात थुरामच्या शेजारी खेळलेला.

आमच्या शाळाखात्यात तरी काय वेगळं होतं? गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो दर्शनी भिंतीवर. आठवीत शाळा सोडायला निघालेल्या पोराला धरून ठेवणाऱ्या मास्तरांचं नाव वार्षिक अहवालात आलेलं मी तरी उभ्या नोकरीत पाहिलं नाही.

२००८ मध्ये हृदयात दोष निघाला आणि थुराम निवृत्त झाला. त्याच वर्षी त्याने वर्णद्वेषाविरुद्ध शिक्षण देणारी संस्था काढली. ग्वाडलूप बेटावर जन्मलेला, नवव्या वर्षी पॅरिसला आलेला हा माणूस आता मुलांसमोर उभा राहून बोलतो. तिथेही अडवण्याचंच काम, म्हणजे मोजमाप नाहीच. शिवाय 'खेळाडूने राजकारणात तोंड घालू नये' हा शहाजोगपणा तो खेळत असल्यापासून ऐकतो आहे. ऐकतो आणि बोलत राहतो.

असो. त्याचा मुलगा मार्कस आक्रमक फळीत खेळतो. त्याचे गोल खुशाल मोजा.