धावण्याचा मुशाहिरा

सातारा जिल्ह्यातील माण तालुका आणि आमचा दक्षिण सोलापूर यांच्यामध्ये अंतर पुष्कळ असले, तरी पर्जन्याच्या हिशेबात हे दोन्ही मुलूख एकाच खातेवहीत मांडले जातात. म्हणूनच माणमधील मोही गावच्या ललिता बाबर यांचे नाव निघाले, की आमच्या वळसंग गावच्या पारावरही भावकीतलेच कोणी मोठे झाल्यासारखा अभिमान बोलू लागतो, आणि त्याच्या पाठोपाठ ‘दुष्काळी मातीच माणसाला चिवट करते’ हा ठरलेला सिद्धांतही उच्चारला जातो. सिद्धांत ऐकावयास गोड आहे. मात्र तो खरा असता, तर अवर्षणाच्या प्रत्येक सालाला आमच्या तालुक्यातून निदान एक तरी ऑलिंपिकपटू निघावयास हवी होती.

ललिताबाईंचा जन्म 1989 सालचा, शेतकरी कुटुंबातला. 2012 ते 2014 अशी लागोपाठ 3 वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत त्या पहिल्या आल्या. आणि मॅरेथॉन धावता धावताच त्यांनी 3,000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे 28 अडथळे आणि पाण्यावरून 7 उड्या असलेली, दमाइतकीच धिटाईची कसोटी पाहणारी शर्यत पत्करली. 2014 साली इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कांस्यपदक, 2015 साली वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक, आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्यांनी जी अंतिम फेरी गाठली, ती 1984 मधील पी. टी. उषांनंतर धावशर्यतीत कोणाही भारतीय स्त्रीला गाठता आली नव्हती. 15 ऑगस्टला झालेल्या त्या अंतिम शर्यतीत त्या दहाव्या आल्या.

या कीर्तीच्या वर्णनात जी बाब सहसा एका ओळीत उरकली जाते, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती ही, की ललिताबाई भारतीय रेल्वेच्या नोकरीत होत्या. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत, ज्यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत 10,000 मीटरचे कांस्यपदक मिळविले, त्याही तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या सेवेत होत्या. दरमहाची निश्चिती असल्यावाचून शरीराला वर्षानुवर्षे असे झिजविण्याची चैन शेतकऱ्याच्या मुलीला परवडत नाही.

सुबत्तेच्या देशातही हाच कायदा चालतो. जपानच्या तोमोए आबे यांनी 25 जून 2000 रोजी होक्काइदोतील सारोमा सरोवराच्या काठी 100 किलोमीटरांचे, म्हणजे सोलापुराहून विजापूर गाठावे एवढे, अंतर 6 तास 33 मिनिटे 11 सेकंदांत कापले आणि जागतिक विक्रम नोंदविला. दुष्काळाने घडविलेल्या म्हणाव्यात, तर तशा त्या नव्हत्या. आसाही कासेई या रसायन-उद्योगाच्या धावसंघातून त्या पुढे आल्या, आणि 1993 साली स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉनचे कांस्यपदकही त्यांनी मिळविले होते. तेथील मोठमोठ्या कंपन्या धावपटूंना आपल्या पगारपटावर घेतात आणि त्यांचा सराव हेही कंपनीचेच काम मानतात.

आमच्याकडे अक्कलकोट रस्त्याच्या कडेने पहाटे धावणाऱ्या मुली पोलीस भरतीतील 800 मीटरच्या चाचणीसाठी धावतात, आणि ‘खेळासाठी थोडंच, नोकरीसाठी पळतात’ असा शेरा पारावरून त्यांच्यावर मारला जातो. शेरा वस्तुस्थितीला धरून आहे. त्यातील हेटाळणी तेवढी अस्थानी आहे. पदकांच्या जोरावर ललिताबाईंना राज्य शासनाने उपजिल्हाधिकारी नेमले, तेव्हा याच पारावर त्यांचे सर्वाधिक कौतुक झाले. ती सनद मोहीच्या मुलीला मिळाली तर गौरवाची आणि शिपाईपण वळसंगच्या मुलीला मिळाले तर हिणकस, हा न्याय कोणत्या दप्तरात बसतो? भरतीची चाचणी संपताच धावणे सोडणाऱ्या या मुलींपैकी एखादीचा दम 10 किलोमीटरांचा आहे किंवा काय, हे ओळखणारा शिक्षक, सपाट पटांगण आणि पुढे पोटाची तजवीज करणारी आस्थापना या तीन गोष्टी तालुक्याने पुरविल्या, तर मातीच्या चिवटपणाची स्तुती आपणास निष्कारण करावी लागणार नाही. अवर्षणाला श्रेय द्यावयाचेच असेल तर एवढेच द्यावे, की पगाराची किंमत त्याने या मुलींना आपल्याआधी शिकविली.