कोयता हा क्लास नव्हे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायला.

दिवाळीत पाथर्डीला गेलो होतो. ओळखीच्या एका मुकादमाने हिशोबाचं नवं सॉफ्टवेअर कौतुकाने दाखवलं. टेबल उघडलं: कोयता क्रमांक, नाव, गाव, उचल, खाडे. नाव एकच, नवऱ्याचं. म्हटलं, बायको कुठंय? तर म्हणाला, "ती कोयत्यातच धरलीय की!"

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या भागातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याला, खाडाही कोयत्यालाच.

ज्या पोराने हे बनवलं त्याला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, बिझनेस रूलच तसा आहे. धंद्यातलेच शब्द क्लासला वापरावेत असं एरिक इव्हान्स सांगतो." खरंय. 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' (२००३) मध्ये धंदेवाल्याची आणि प्रोग्रामरची भाषा एक असावी असंच म्हटलंय. पण धंद्यातली भाषा म्हणजे कुणाची? मुकादमाची, की डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईची?

माझं म्हणणं सरळ आहे. कोयता ही वस्तू नाही, एका हंगामाचा करार आहे. माणसं दोन, तर ऑब्जेक्टही दोन. व्यक्तीचं टेबल वेगळं, कराराचं वेगळं, आणि कुठल्या करारात कोण, कधीपासून, ते तिसऱ्यात. मग "जोडी म्हणजे एक कोयता" हा नियम करारावर बसतो, माणसाच्या अस्तित्वावर नाही. उद्या नियम बदलला तर तेवढा नियम बदला. बाई नव्याने शोधावी लागणार नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. दर कोडात कोरून ठेवला असेल तर नवा आकडा घालताच जुने हिशोबही बिघडतात. म्हणून आपण दराला 'पासून-पर्यंत' तारखा लावतो. दराची एवढी काळजी, आणि बाईची?

आता कुणीतरी म्हणेल, सॉफ्टवेअरचं काम नोंद ठेवणं, समाज सुधारणं नव्हे. मान्य! पण मग नोंद तरी खरी ठेवा. नवरा तापाने पडला आणि बायकोने एकटीने तोड केली, तर हे टेबल ते सांगूच शकत नाही. नवरा गेला आणि उचल तिच्या गळ्यात आली, तर ती कुठल्या नावावर लिहिणार? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा सरकारला समिती नेमून या बायकांचं सर्वेक्षण करावं लागलं. जिची ओळच नाही, तिची मोजणी आयत्या वेळी कुठून आणणार?

माझ्या चुलतीने अठरा हंगाम ऊस तोडला. घरच्यांना तिचे हात आठवत असतील. मुकादमाच्या एकाही वहीत तिचं नाव नाही. वहीत जागा नव्हती, असं एक वेळ म्हणू. डेटाबेसात एक ओळ वाढवायला काय जातं?

असो. ते पोरगं "बघतो" म्हणालंय. पट्टा पडायच्या आत पुन्हा फोन करणार आहे.