बीपीची गोळी कोणती?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, हे आता आशाताईंना तोंडपाठ आहे. ते योग्यच आहे; क्षयाच्या बाबतीत ढिलाई चालत नाही. पण रिपोर्ट चांगला आला की पुढे काय? कारंजा तालुक्यातलं धनज घ्या, नाहीतर वाशीम जिल्ह्यातलं कुठलंही गाव. पुढे खोकल्याची बाटली येते. मग दुसरी. दोष जातो सोयाबीनच्या भुशाला, नाहीतर चुलीच्या धुराला. बीपीची कोणती गोळी चालू आहे, हा प्रश्न क्वचितच निघतो.

तो निघायला हवा. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातल्या गोळ्यांनी दहातल्या साधारण एकाला कोरडा खोकला लागतो. या गोळ्यांमुळे ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य शरीरात साठतं आणि श्वासनलिका हुळहुळी होते. कफ नाही, ताप नाही; नुसती ढास. बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त. तो गोळी सुरू होताच येऊ शकतो, तसा काही महिन्यांनीही येतो. म्हणूनच गोळीवर संशय जात नाही. बाटल्यांनी ही ढास हटत नाही. गोळी बदलली की बहुधा 1 ते 4 आठवड्यांत जाते, काहींना 3 महिने लागतात. आणि बदलायला दुर्मीळ औषध लागत नाही. टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन या नेहमीच्याच गोळ्या आहेत.

मग अडतं कुठे? गोळी एक डॉक्टर लिहितो, खोकला दुसऱ्याला दाखवला जातो, बाटली मेडिकलवाला देतो. तिघांची गाठ पडत नाही. शेवटी कंटाळून रुग्णच गोळी सोडतो, आणि खरा धोका तिथे आहे. त्या ढासेनं जीव जात नाही. चढलेल्या बीपीनं लकवा मारतो.

आरोग्य खात्यानं खोकल्याच्या नोंदीत एक रकाना वाढवावा: बीपीची गोळी कोणती. तोवर रुग्णांनी गोळ्यांचं पाकीट सोबत न्यावं. औषधाच्या मूळ नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असेल तर डॉक्टरांना दाखवावं, गोळी परस्पर बंद करू नये. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र पुढची गोळी न घेता त्याच क्षणी दवाखाना गाठावा. औषधाचा त्रास कळवायला 1800-180-3024 हा सरकारी क्रमांक आहे. तिथे रुग्णालाही तक्रार नोंदवता येते.