गाजरगवत आणि कागदावरची समानता

मंडळी, पाऊस उघडला की गिरणाकाठच्या कुठल्याही गावात बघा. पडीक, गायरान, रस्त्याच्या कडा, सगळीकडे पांढरी फुलं. गाजरगवत. मग विळे घेऊन माणसं येतात, फुलोऱ्यात आलेलं गवत कापतात, फोटो निघतो, बिल निघतं. महिन्याभरात परत तेच गवत. आमच्याकडचे एक आबा म्हणाले, "हाई गवत दुसरं काही उगू देस नही."

आता गंमत बघा. स्टीफन हबेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 2001 मध्ये जाड पुस्तक लिहिलं. पनामाच्या जंगलात 50 हेक्टरवरचं एकेक झाड मोजलेला हा माणूस. त्याचं गृहीतक असं, की जगण्या-मरण्याच्या संधीत सगळ्या जातींची झाडं सारखीच. एक झाड पडलं की रिकामी जागा कोणाला मिळेल हा नशिबाचा खेळ, ज्याचं बी जास्त त्याला संधी जास्त. एवढ्या साध्या हिशोबातून जंगलात किती जाती विपुल, किती दुर्मिळ, याचं चित्र बऱ्यापैकी जुळतं. म्हणून त्याला हसू नका.

पण आबांचं निरीक्षण तिथेच आडवं येतं. गाजरगवताच्या पानामुळांतून पार्थेनिन नावाचं द्रव्य जमिनीत उतरतं, शेजारच्या बियांचं उगवणं मार खातं. गुरं तोंड लावत नाहीत, माणसाला खाज सुटते. 1956 मध्ये पुण्यातून नोंद छापून आलेलं हे परदेशी गवत देशभर पसरलं ते निव्वळ नशिबावर नाही. इथे सगळे सारखे नाहीत.

तरी हबेलची निम्मी गोष्ट खरीच: मोकळ्या जागेवर बियांची गर्दी ज्याची, जागा त्याची. आपण फुलोरा आल्यावर कापतो, म्हणजे बी झाडून जमीन रिकामी करून देतो! एका झाडाला हजारो बिया, भाऊ.

माझं म्हणणं एवढंच. उपटायचं ते फुलाआधी, मुळासकट, हातमोजे घालून. आणि त्याच जागी पावसाच्या तोंडावर तरोट्याचं बी फेकायचं. तरोटा दाट उगवला की गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही, कृषी शास्त्रज्ञही हेच सुचवतात. गुरं तरोटाही फारसा खात नाहीत, ही अडचण मान्य. म्हणून गायरानात नको, रस्त्याच्या कडेला आणि पडीकात. बी विकत घ्यायचं नाही, दिवाळीच्या आसपास शेंगा वाळल्या की पोरं पोतंभर गोळा करतील. कापणीच्या बिलापेक्षा ते पोतं स्वस्तच पडेल.

यंदाचा ठराव ग्रामसभेत कोण मांडतंय?